मनगटाला कच्चं प्लास्टर, बोटं सुजली, वरून पावसाची झड: घरी काय सांभाळायचं?

वावर_धुरा
सासूबाई, वय ५८. काल दुपारी कोठ्यात पाय घसरून उजव्या हातावर पडल्या, मनगटाचं हाड मोडलं. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात हाड बसवून कच्चं प्लास्टर घातलं, कोपराच्या खालून तळहातापर्यंत. आठ दिवसांनी पुन्हा एक्सरे, मग पक्कं प्लास्टर करू म्हणाले. गाव दारव्हा तालुक्यात आहे, झड लागली की फाट्यापर्यंत जाणंही कठीण होतं, म्हणून आधीच विचारून ठेवते.

आज सकाळी बोटं चांगलीच फुगलेली दिसली. अनामिकेतली अंगठी काढायची राहून गेली, ती आता निघत नाही. प्लास्टर अजून गार आणि ओलसर लागतं, चुलीजवळ हात धरून वाळवलं तर चालेल का? दुखणं किती असलं तर ठीक समजायचं? आंघोळीचं काय? आणि शेजारचे म्हणतात की हाडवैद्याकडून कमच्यांची, म्हणजे बांबूच्या चिपांची पट्टी बांधून घ्या, सूज लवकर उतरते. नेमकं काय करावं?

प्लास्टर_रूम
ताई, बाकीचं नंतर वाचा, आधी अंगठी काढा. सूज दोन ते तीन दिवस वाढतच जाते, म्हणजे आज जी अंगठी अडकली ती उद्या बोटात रुतेल. हात पंधरा मिनिटं उंच धरून ठेवा, मग बोटाला साबणाचा फेस किंवा खोबरेल तेल लावून अंगठी गोल फिरवत फिरवत काढा. सरळ ओढू नका, कातडी गोळा होऊन ती आणखी घट्ट बसते. त्यानेही नाही निघाली तर शिलाईचा लांब, मजबूत दोरा घ्या. एक टोक अंगठीखालून मनगटाच्या बाजूला सरकवा. दुसऱ्या टोकाने अंगठीला लागूनच वेढे द्यायला सुरुवात करून बोटाच्या मधल्या पेरापलीकडे जा, वेढे एकमेकांना चिकटून आणि आवळून आले पाहिजेत. मग मनगटाकडचं टोक धरून दोरा उलगडत चला, अंगठी वेढ्यांवरून पुढे सरकत येते. दोऱ्याने बोट पाच मिनिटांपेक्षा जास्त आवळून ठेवू नका. हेही जमलं नाही तर आजच्या आज सोनाराकडून किंवा दवाखान्यात अंगठी कापून घ्या. कापलेली अंगठी पुन्हा जोडता येते.

आता सुजेबद्दल. तुम्हाला कच्चं प्लास्टर घातलं ते सुजेसाठीच. त्यात प्लास्टरची पट्टी हाताच्या एकाच बाजूला असते आणि बाकीच्या भागावर कापूस व क्रेप बँडेज. हात फुगला तर बँडेज थोडं ताणतं. पक्कं प्लास्टर चारही बाजूंनी कडक, ते ताणत नाही, म्हणून पहिल्या दिवसांत टाळतात. 'कच्चं' या शब्दामुळे पुष्कळांना वाटतं की काम अर्धवट सोडलं. तसं नाही, या आठवड्यात हेच बरोबर आहे.

सूज उतरवायचा खरा उपाय म्हणजे हात उंच ठेवणं, आणि उंच म्हणजे छातीपेक्षा उंच. बसल्या असतील तर बाजूला खुर्ची ठेवून तिच्यावर दोन-तीन उशा रचा. कोपर छातीच्या पातळीला आणि बोटं कोपरापेक्षा वर, छताकडे. झोपल्यावरही शेजारी उशांचा ढीग करून हात त्यावर. दुपट्ट्याची झोळी गळ्यात बांधायची ती फक्त चालताना, आणि तीही इतकी आखूड की तळहात कोपराच्या वर राहील. दिवसभर झोळीत हात लोंबत ठेवला की सगळं पाणी बोटांत उतरतं. घरोघरी नेमकं हेच होतं.

त्यासोबत बोटं हलवणं. जागेपणी दर तासाला दहा वेळा पूर्ण मूठ वळवायची, पूर्ण उघडायची, मग अंगठा एकेका बोटाच्या टोकाला लावायचा. दुखेल, पण हाड त्याने सरकत नाही. ही हालचाल सूज पंपासारखी वर ढकलते. प्लास्टरची पुढची कड तळहातावरच्या आडव्या रेषेच्या मागे संपली पाहिजे, म्हणजे बोटं मुळापासून वाकतात. कड पुढे आली असेल आणि मूठ वळत नसेल तर तारखेची वाट न पाहता दाखवून कापून घ्या, नाहीतर बोटं आखडतात. खांदाही विसरू नका. दिवसातून तीन-चार वेळा हात डोक्यावर पूर्ण नेऊन खाली आणायचा. या वयात मनगट जुळेपर्यंत खांदा धरून बसतो आणि मग त्याचाच त्रास जास्त दिवस चालतो.

बर्फ असेल तर पिशवीत घालून, वरून कापड गुंडाळून बँडेजवर पंधरा-वीस मिनिटं ठेवा. पाणी मात्र झिरपू देऊ नका.

दुखणं किती ठीक, हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न विचारलात. मोडलेलं हाड पहिले दोन-तीन दिवस ठणकतं, पण हात उंच केल्यावर आणि दिलेली गोळी घेतल्यावर ते कमी झालं पाहिजे. गोळी घेऊनही दुखणं चढतच चाललं असेल तर मेडिकलमधून दुसरी जोरदार गोळी आणू नका. त्या वेळी दुसऱ्या कोणीतरी त्यांची बोटं हळूच सरळ करून पाहायची. त्याने पुढच्या हाताच्या आत, कोपराखाली, जीवघेणी कळ उठली तर स्नायूंवरचा दाब वाढून रक्त पोचत नाहीये असं समजा. असं साधारण सहा तास राहिलं तर स्नायू कायमचे मरायला लागतात, आणि पुढे हाताचा पंजा वाकडा होऊन तसाच राहतो. यात रात्र काढायची नसते.

दिवसातून चार-पाच वेळा, आणि पहिल्या दोन रात्री उठूनसुद्धा, दोन्ही हातांची बोटं शेजारी धरून पाहा. नख दाबलं की पांढरं होतं, सोडल्यावर दोन सेकंदांत गुलाबी झालं पाहिजे. मोडलेल्या हाताची बोटं दुसऱ्या हातापेक्षा गार, पांढुरकी किंवा निळसर असतील, बधिर असतील किंवा हलवताच येत नसतील तर निघा. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर झालं तर मनगटातून जाणारी मुख्य नस दबतेय, तेही लगेच दाखवण्यासारखं. नखांना मेंदी किंवा पॉलिश असेल तर आजच पुसा, रंग कळत नाही.

गाडी यायला उशीर असेल तर तोवर वरचं क्रेप बँडेज सैल करायचं. कोपराकडून बोटांपर्यंत पूर्ण लांबीत. आतला कापूसही घट्ट वाटला तर तोही बोथट टोकाच्या कात्रीने, कातडीपासून वर उचलून, उभा फाडायचा. प्लास्टरची पट्टी मात्र हाताखाली तशीच राहू द्या आणि दुपट्टा सैलसर गुंडाळून न्या. बँडेज सैल केल्याने हाड थोडं सरकलं तर ते पुन्हा बसवता येतं. आणि अशा वेळी हात डोक्यापर्यंत उंच करू नका, छातीच्या बरोबरीला ठेवा. रक्त पोचायला आधीच अडचण आहे, फार उंच केलं तर आणखी कमी पोचतं. १०८ ला फोन करताना 'प्लास्टर घातलेल्या हाताची बोटं गार आणि बधिर झाली आहेत' असं स्पष्ट सांगा.

उपकेंद्र_सिस्टर
चुलीजवळ नको, ताई. प्लास्टर पाच-दहा मिनिटांत कडक होतं, पण त्यातलं जास्तीचं पाणी उडून जायला दोन-तीन दिवस लागतात, झडीच्या दिवसांत थोडे आणखी. तोवर ते गार आणि जड लागणारच. चुलीच्या आचेने वरचा थर वाळून तडकतो, आत ओल तशीच राहते आणि तापलेलं प्लास्टर आतून कातडी भाजतं. हात बधिर असला तर भाजलेलं कळतही नाही. उघडं ठेवून पंख्याची हवा लागू द्या, लाइट नसेल तर नुसतं उघडं. वर वाकळ किंवा प्लास्टिक पांघरू नका. ओलं असेपर्यंत उचलताना तळव्यांनी उचला, बोटांनी चिमटीत धरलं की खळगा पडतो आणि तो खळगा आत कातडीला टोचत राहतो. खाटेच्या लाकडावर किंवा दगडी ओट्याच्या कडेवरही टेकवू नका. वाळलेलं प्लास्टर पांढरं, हलकं असतं आणि टिचकी मारली की टणक वाजतं.

आंघोळीसाठी एक सुकी धोतराची पट्टी किंवा नॅपकिन प्लास्टरच्या वरच्या कडेला गुंडाळा, त्यावर एक पिशवी, मग दुसरी पिशवी, आणि दोन्ही वेगवेगळ्या जागी कातडीला धरून चिकटपट्टीने बंद करा. रबर किंवा सुतळी करकचून बांधू नका. पिशवीला भोक नाही ना, हे आधी पाणी भरून तपासा. एवढं करूनही हात बादलीत बुडवायचा नाही, न्हाणीच्या बाहेर किंवा उंच धरून ठेवायचा, कोणीतरी तांब्याने पाणी घालायचं. खताच्या पोत्याच्या आतली किंवा फवारणीच्या औषधाची पिशवी कितीही जाड असली तरी वापरू नका. पावसात दवाखान्यात जातानाही हेच, पण पोचल्यावर पिशवी लगेच काढा. बंद पिशवीत घामाने आतून ओल धरते.

खाज दुसऱ्या आठवड्यात जास्त सुटते. विणायची सुई, सायकलची तार, झाडूची काडी, पट्टी, काही म्हणजे काही आत घालू नका. आत ओरखडा पडतो, तो दिसत नाही, घामाने चिघळतो आणि प्लास्टर काढेपर्यंत जखम होऊन बसते. काडीचं टोक आतच राहिलं तर आणखी वाईट. पावडर, कडुनिंबाचं तेल, डेटॉल हेही आत ओतायचं नाही, पावडरचे गोळे होतात. प्लास्टरवर बाहेरून टिचक्या मारा, कडेतून पंख्याची हवा जाऊ द्या, दुसऱ्या हाताची तीच जागा खाजवा, त्यानेही बरं वाटतं. रात्री झोपच लागत नसेल तर खाजेची गोळी डॉक्टरांना विचारून.

आपल्याकडे मुंग्यांचा त्रास वेगळाच. जेवताना त्या हातावर कपडा टाका, गुळाचा, चहाचा एक थेंब कडेच्या कापसात गेला की रात्री मुंग्या येतात. खाटेचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. प्लास्टरला कुजका वास यायला लागला, बाहेर पिवळा किंवा तपकिरी डाग उमटून वाढायला लागला, एकाच जागी जळजळ होऊन मग अचानक थांबली किंवा ताप आला, तर आत जखम झाली आहे. जळजळ थांबली म्हणजे बरं झालं असं समजू नका, कातडी मेली की ती दुखायचीच थांबते.

हाडवैद्याबद्दल शेजाऱ्यांना काय सांगाल तेही सांगते, कारण त्यांचा हेतू चांगलाच असतो. सुजलेल्या हातावर कमच्या चारही बाजूंनी सुतळीने आवळल्या की सूज बाहेर जायला जागा उरत नाही, ती आत रक्तवाहिन्याच दाबते. हात काळा पडून कापावा लागण्याची वेळ अशाच पट्टीने येते. बसवलेलं हाड पुन्हा हलतं ते वेगळं. तेलाने चोळणंही ताज्या मोडीवर नको. कोपराजवळ मार असेल तर चोळण्याने स्नायूत हाड तयार होऊन कोपर कायमचा अडकू शकतो.

पऱ्हाटी_७२
याच्यातच इचारतो. माह्या लहान भावाच्या पायाच्या नळीचं हाड मोडलं, मांडीपासून बोटांपर्यंत फायबरचं पक्कं प्लास्टर हाय. डॉक्टरनं पाय टेकवू नको म्हणलं. पन थो म्हणते का फायबर हाय, पानी लागलं तरी काही होत नाही, अन् कुबड्या घेऊन डवरणी पाहाले वावरात जाते. बगलेत दुखते अन् हाताले मुंग्या येते म्हणते. खर्राही चालूच हाय. त्याले काय सांगाव?

वऱ्हाडी_फिजिओ
दादा, फायबर पाण्याने मऊ पडत नाही हे खरं, पण आतला कापूस पाणी धरून ठेवतो. चिखलाचं पाणी बोटांकडून आत गेलं तर कातडी तिथे आठवडाभर ओल्या कापसात राहते, पांढरी फुगते आणि सोलते. कडेला थोडंसं ओलं झालं तर पंख्यासमोर वाळेल. आतपर्यंत गेलं असेल तर प्लास्टर बदलूनच घ्यावं लागतं. आणि प्लास्टर मजबूत आहे म्हणून आतलं हाड मजबूत झालं असं नाही. टेकवायची परवानगी एक्सरेवर ठरते. मोठ्या माणसाची नळी जुळायला तीन-चार महिने सहज लागतात.

हाताला मुंग्या येतात त्याचं कारण कुबडीची उंची आणि तिच्यावर बगलेने लटकणं. बगलेतून हाताची नस जाते, ती रोज दबली तर मनगट वर उचलता येईनासं होतं. सरळ उभं राहून कुबडीचा वरचा गादीचा भाग बगलेच्या दोन-तीन बोटं खाली यायला हवा. हात सरळ खाली सोडला की कुबडीची धरायची मूठ मनगटाच्या घडीच्या उंचीला, म्हणजे धरल्यावर कोपर थोडासा वाकलेला राहतो. वजन सगळं तळहातांवर, बगलेवर अजिबात नाही, कुबडी छातीच्या बाजूला दाबून धरायची. खालची रबरं घासून गुळगुळीत झाली असतील तर आजच बदला. सारवलेल्या ओल्या जमिनीवर आणि शहाबादी फरशीवर माणूस तिथेच पडतो. पायरी चढताना आधी चांगला पाय वर, मग कुबड्या आणि दुखरा पाय. उतरताना आधी कुबड्या आणि दुखरा पाय खाली, मग चांगला. वावरातल्या चिखलात मात्र कुबडी रुतते, तिथे नीट चालायची पद्धतच नाही. महिनाभर धुऱ्यावरही नको.

झोपताना पाय उशांवर, पण उशी पोटरीखाली द्या, टाच हवेत मोकळी राहू द्या. टाचेवर सगळं वजन आलं तर आत फोड येतो आणि तो प्लास्टरखाली दिसत नाही. बोटं तासाला दहा वेळा हलवायची. पायाचा अंगठा वर उचलता येत नसेल तर गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जिथे हाडाचा गोल उंचवटा लागतो तिथे, प्लास्टर नस दाबतंय. त्याच दिवशी दाखवा, तिथे फट पाडून देतात. मांडी किंवा पोटरी आतून ताणल्यासारखी दुखू लागली, आणि विशेषतः अचानक दम लागला किंवा छातीत कळ आली, तर रक्ताची गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते, १०८ बोलवा.

उकिडवं बसता येणार नाही. मध्ये भोक असलेली कमोड खुर्ची आणा, नुसत्या प्लास्टिकच्या खुर्चीला भोक पाडलं तर वजनाने ती फाटते.

खर्र्याचं सरळ सांगतो. त्यातल्या तंबाखूचं निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळतं, आणि नळीच्या हाडाला मुळातच रक्तपुरवठा कमी. तंबाखू चालू असला की हाड उशिरा जुळतं, कधी जुळतच नाही आणि ऑपरेशन करून हाड लावावं लागतं. बिडी सोडून खर्रा धरला तर फरक पडत नाही. सुपारीच लागते म्हणत असेल तरी तीही नको, तलफ तिथूनच सुरू होते. त्याऐवजी दोन वेळा तुरीचं घट्ट वरण, अंडी, दूध, फुटाणे, तिळाची किंवा जवसाची चटणी पोटात जाऊ द्या. शुगर असेल तर तपासून घ्या, वाढलेल्या शुगरमध्येही हाड रेंगाळतं.

वावर_धुरा
दोऱ्याच्या पद्धतीने अंगठी निघाली. हात उशांवर ठेवल्यावर सूजही बरीच उतरली, बोटं गरम आणि गुलाबी आहेत. पण आता पाचव्या दिवशी प्लास्टर सैल झालंय, हात आत हलतो, बँडेजही सुटत आलंय. आवळून बांधू का? आणि त्यांना आता फारसं दुखत नाही, त्यामुळे 'तारखेला जायची गरज काय' म्हणतात. भाकरी थापायला बसायचा हट्ट आहे.

प्लास्टर_रूम
सूज उतरली म्हणून प्लास्टर सैल झालं. सूज असताना त्याने हाताला जे धरून ठेवलं होतं, ते आता धरत नाही, आणि मनगटाचं हाड याच दिवसांत परत सरकतं. म्हणूनच एक्सरे आठव्या दिवशी ठेवतात. पहिल्या दहा-पंधरा दिवसांत सरकलेलं हाड पुन्हा बसवता येतं, त्यानंतर ते वाकडं जुळायला लागतं आणि मग ऑपरेशनशिवाय सरळ होत नाही. त्यामुळे तारखेची वाट न पाहता उद्या-परवा जाऊन या. घरी आवळू नका, फक्त सुटलेलं बँडेज होतं तसंच, न ताणता गुंडाळून टोकाला चिकटपट्टी लावा. सेफ्टी पिन नको. जाताना जुना एक्सरे आणि कागद घेऊन जा, नाहीतर तुलना करता येत नाही.

न दुखणं म्हणजे हाड जुळणं नाही. या वयात मनगटाला साधारण सहा आठवडे लागतात. भाकरी थापताना मनगटाला तळव्याकडून धक्का बसतो आणि मोड नेमकी त्याच दिशेची आहे, म्हणून थापणं, दळण उचलणं, पाण्याची गुंडी, कपडे पिळणं, काहीच नाही. त्या हाताने चमचा धरणं, बटण लावणं, शेंगा सोलणं चालेल, उलट चांगलं. अंगठा वर उचलायचा रोज पाहा. काही आठवड्यांनी, दुखणं थांबल्यावरसुद्धा, त्याला वर उचलणारी स्नायूची दोरी झिजून तुटू शकते. अंगठा अचानक उचलेनासा झाला तर दाखवायचं.

त्याच भेटीत एक गोष्ट विचारून घ्या. उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडलं, वय ५८, पाळी गेलेली, म्हणजे हाडं ठिसूळ झाली असण्याची शक्यता मोठी. हाडांची घनता तपासायची का, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व किती घ्यायचं, हे डॉक्टर ठरवतील. मनगट जुळल्यावर खुबा मोडू नये म्हणून हे आताच विचारायचं. कोठ्यातलं शेण-पाणी ज्या वाटेने साचतं तिथे मुरूम टाका, रात्रीसाठी बल्ब लावा.

मुदत संपल्यावर प्लास्टर घरी विळ्याने किंवा पाण्यात भिजवून काढू नका. दवाखान्यातली करवत गोल फिरत नाही, जागच्या जागी थरथरते, कडक वस्तू कापते आणि मऊ कातडी तिच्यासोबत हलते. आवाज मोठा असतो, तेवढं सासूबाईंना आधी सांगून ठेवा. कापताना कातडी गरम लागली तर थांबवायला सांगायचं. काढल्यावर हात बारीक, केसाळ आणि कातडी पापुद्र्यांनी भरलेली दिसेल. ती घासून काढू नका, कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून खोबरेल लावा, चार-पाच दिवसांत आपोआप सुटते. मनगट आखडलेलं असणारच. त्याच कोमट पाण्यात मनगट वर-खाली आणि तळहात उलट-सुलट करायला लावा, दिवसातून तीन-चार वेळा. दुसऱ्याने धरून जोरात वाकवायचं नाही.